समोर गप्प बसणारा माणूस

सर, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि आज दुपारपासून मी हे लिहायला तीनदा बसले, तीनदा उठले. एकदा गॅसवर दूध होतं. एकदा कोणी तरी खोकल्याचं औषध मागायला मागच्या दाराशी आलं, कारण रविवारी दुकान बंद असतं हे रिसोडात कोणी मनावर घेत नाही. तिसऱ्यांदा काहीच कारण नव्हतं, नुसतीच उठले आणि सोयाबीन भरून चाललेल्या ट्रॉल्या बघत खिडकीशी उभी राहिले. तुम्ही शिकवलेल्या रसायनशास्त्रावरच माझं हे औषधांचं दुकान चालतं, पण ते सांगायला हा कागद घेतलेला नाही. गेल्या महिन्यात आपल्या कामरगावच्या ग्रुपवर कोणी तरी एक व्हिडिओ टाकला. जयंतीच्या कार्यक्रमाची जुनी टेप कुठल्या तरी पेटीत सापडली, ती मोबाइलवर उतरवून घेतली. चित्र पिवळट पडलंय, मध्येमध्ये आडव्या रेघा येतात. मंडपात एक सतरंजी, सतरंजीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेले मळेवाले काका, आणि खांद्यावर दुपट्टा टाकून, रडत रडत डावीकडून येणारे तुम्ही.

तो खेळ मी लहानपणापासून किती वेळा पाहिला ते मोजलेलं नाही. आपल्याकडे कोणाच्या घरी मयत झालं की लोक तिथे बसायला जातात. तुमच्या खेळातला माणूस असाच बसायला येतो, पण चुकीच्या घरी. विहारासमोर संध्याकाळी माणसं दाटीनं बसलेली असायची. माझे वडील कारंज्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते आणि घरी त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं. ते माझ्या शेजारी बसून, तुम्ही यायच्या आधीच, दुपट्ट्याचं टोक तोंडाशी धरून तयार असायचे. तुम्ही उंबऱ्यावरूनच हंबरडा फोडता, "गेली ना हो माउली!" काका हातातली शेंग तशीच धरून आधी मागे वळून बघतात. मागे कोणीच नाही. मग तुमच्याकडे बघतात. मग म्हणतात, "बसा."

तुम्ही बसता, नाक पुसता, विचारता, "शेवटी कोणाले ओळखत होती का हो?"

काका बराच वेळ विचार करतात. खरंच विचार करतात. "मले तं नाही ओळखलं."

तिथे मंडप फुटायचा. पण मला तेव्हाही आवडायची ती जागा पुढची. तुम्ही हुंदका आवरून म्हणता, "तुमच्यावर लय जीव होता तिचा." काका शेंग खाली ठेवतात. मान वर करतात. कोण बाई, कुठली, केव्हा गेली, त्यांना काहीच माहीत नाही. आणि ते हळूच विचारतात, "खरंच?" त्या एका शब्दानंतर त्यांचे डोळे भरून यायचे. बाया हसताहसता पदर डोळ्यांना लावायच्या. मग दोघंही त्या अनोळखी बाईसाठी मनसोक्त रडायचे. शेवटी तुमच्या लक्षात यायचं की घर चुकलंय, आणि तुम्ही चिडून विचारायचे, "मंग आंदी काहून नाही सांगतलं?" काका शेंगांचं टोपलं पुढे ओढत म्हणायचे, "तुमी रडून राह्यले होते. मधात कसं बोलाव?"

मी तुमची विद्यार्थिनी होते, पण त्याच्याही आधी तुम्हा दोघांची प्रेक्षक होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीत, इंझोरीच्या जत्रेत, जिथे तुमचा खेळ तिथे मी वडिलांच्या मागे लागून जायचे. तुमचे संवाद मला पाठ होते. तुम्ही दोघं काकांच्या खटारा स्कूटरवरून जाताना दिसला, की मी उगाच थांबून हसायला लागायचे. आणि बारावीत असताना मला वाटलं की इतकं आवडतं, तर त्यावर लिहिलं पाहिजे. कारंज्याहून तेव्हा एक छोटं साप्ताहिक निघायचं, आता ते बंद पडलं. त्यात मी लेख पाठवला. खाली नाव टाकायचं धाडस झालं नाही, 'एक रसिक' असं लिहिलं. तीन रात्री जागून लिहिला होता. तुमच्या रडण्याबद्दल, चालण्याबद्दल, आवाजाच्या चढउतारांबद्दल मी रकानेच्या रकाने भरले. आणि काकांबद्दल दोन वाक्यं. पहिलं असं, की दुसरे गृहस्थ म्हणजे नुसती खुंटी, तिच्यावर हा कलावंत हास्याचा शेला टांगतो. दुसरं असं, की त्यांच्या जागी अक्षरशः कोणीही बसलं असतं तरी चाललं असतं.

लेख छापून आला तेव्हा मी तो अंक छातीशी धरून घरभर फिरले. मला वाटलं, मी तुम्हाला फार मोठी भेट दिली.

त्याच आठवड्यात इंझोरीला तुमचा खेळ होता. आम्ही एसटीनं गेलो. खेळाची वेळ टळली तरी काका आले नाहीत. तुम्ही मंडपाच्या बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभे होते, स्कूटरचा आवाज आला की दोन पावलं पुढे जायचे आणि परत यायचे. सतरंजीवर टोपलं ठेवलेलं होतं, त्यात शेंगाही भरलेल्या. मग लोक टाळ्या वाजवून बोलवायला लागले म्हणून तुम्ही एकटेच आत आले. रिकाम्या सतरंजीसमोर हंबरडा फोडला. थोडं हसू आलं, लोक चांगले होते म्हणून आलं. तुम्ही पुढचं वाक्य म्हटलं, तिथे कोणीच हसलं नाही. मी सुद्धा नाही, सर. तेच वाक्य, तोच आवाज, तेच नाक पुसणं. मी वडिलांकडे पाहिलं, त्यांनी दुपट्टा मांडीवर घडी करून ठेवला होता. तुम्ही थांबले, टोपल्याकडे पाहिलं आणि लोकांना हात जोडून म्हणाले, "आज घरधनी घरी नाही. पुन्हा येईन." त्याला मात्र सगळे हसले. त्यानंतर तुम्ही कधीही कुठेही उभे राहिले नाहीत.

सोमवारी तुम्ही मला प्रयोगशाळेत बोलावलं. ती दुपार मला अजून दिसते. खिडकीतून ऊन थेट परीक्षानळ्यांच्या घोडीवर पडलंय, बेसिनचा नळ गळतोय, तुम्ही टेबलावर तो अंक ठेवलाय. मला वाटलं तुम्ही शाबासकी देणार.

"हे तू लिहिलं?"

मी म्हटलं, "नाही सर."

"प्रयोगवहीत 'अक्षरशः बुडबुडे आले' असं लिहिणारी या तालुक्यात एकच पोरगी आहे," तुम्ही म्हणाले. तुमच्या तोंडावर हसू नव्हतं. मग तुम्ही दोन स्टुलं समोरासमोर ठेवली. "बस इथं. काहीच करायचं नाही. मी रडत येतो, तू नुसतं माझ्याकडे पाह्य. मी समोर आल्यावर मनात दहा मोजायचे आणि मग 'बसा' म्हणायचं. बस."

तुम्ही दारापर्यंत गेले आणि रडत आत आले. मी तीनपर्यंत मोजलं असेल. आधी माझे हात कुठे ठेवायचे ते कळेना, मग ओठ हलायला लागले, मग मी फिसकन हसले. तुम्ही परत गेले, परत आले. दुसऱ्यांदा मी पाचपर्यंत पोचले आणि घाबरून "बसा" म्हणून टाकलं. तिसऱ्यांदा मी भुवया उंचावून काहीतरी नाटक केलं आणि तुम्ही रडणं मध्येच थांबवून सरळ उभे राहिले.

"पाह्यलं? कोणीही नाही बसत," तुम्ही म्हणाले. "मी येड्यासारखा धावतो ते कायच्या भरवशावर? तो हलत नाही या भरवशावर. लोक माझ्याकडे पाहून हसतात असं तुला वाटते. ते त्याच्याकडे पाहून राह्यतात, की आता हा काय म्हणतो. मी नुसता वेळ काढतो."

मी रडायला लागले. तुम्ही मला रडू दिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याला जाऊन भेट. मी तुझं नाव सांगणार नाही. ज्यानं लिहिलं त्यानंच सांगाव." इतकंच. पुन्हा त्या विषयावर तुम्ही माझ्याशी एक शब्दही बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं असं मला कित्येकदा वाटलं, आणि ते वाटणंही कसं सोयीचं आहे ते मला कळतं.

मी गेले होते, सर. हे तुम्हाला माहीत नाही. पंधराएक दिवसांनी एका सकाळी मी काकांच्या मळ्यावर गेले. ते वांग्याच्या वाफ्यात पाणी फिरवत होते, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं. त्यांनी फावडं टेकवून माझ्याकडे पाहिलं, अगदी तसंच, खेळात पाहायचे तसं, न हलता. "काय पाह्यजे माय?" वाटेत मी चार वाक्यं तयार करून नेली होती. मी म्हटलं, "सांबार." त्यांनी कोथिंबिरीची एक चांगली जुडी उपटून, पाण्यात झटकून माझ्या हातात दिली. मी ती घेऊन घरी आले. पुढच्या जूनमध्ये फार्मसी शिकायला अमरावतीला निघून गेले. सुट्टीत आले की मळ्याच्या रस्त्यानं जायचं टाळायची. तुम्ही शाळेतून निवृत्त झालात, तरी काकांची स्कूटर तुमच्या दाराशी थांबली नाही.

अकरा वर्षांनी तुम्ही गेलात. मी तेव्हा रिसोडात एका औषधांच्या दुकानात नोकरीला होते, तिथून आले तोवर सगळं उरकलं होतं, तुमच्या ओसरीवर माणसं बसली होती. थोड्या वेळानं काका आले. बसायला आले. चप्पल बाहेर काढली, खांबाला टेकून बसले, आणि कोणाशीच काही बोलले नाहीत. ओसरीवरच्या प्रत्येकाला तो खेळ माहीत होता. कोणाची मान वर होईना. तुमच्या घरच्या बाईंनी पाणी आणलं, काकांनी तांब्या हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. तास झाला असेल. मग उठले, बाईंना म्हणाले, "जातो," आणि गेले. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. उठून मागे जायला मला कोणी अडवलं नव्हतं.

त्यानंतर मी लग्न केलं, दुकान टाकलं, दोन मुलं मोठी केली. रोज कोणाचा ना कोणाचा विसर पडत गेला. आणि आता हा व्हिडिओ. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरखाली मोबाइल धरून तो लावते. पहिले काही दिवस मी तुम्हालाच बघत होते. मग एकदा मी तुमच्यावर अंगठा ठेवला, तुम्ही दिसणारच नाही असा, आणि फक्त काकांकडे पाहिलं. सर, त्या माणसाचं काय कौतुक करू. तुम्ही रडत येता तेव्हा ते शेंग सोलणं थांबवत नाहीत, फक्त सोलण्याचा वेग कमी करतात. 'ओळखलं नाही' म्हणण्याआधी त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर शोध चालू आहे, आपल्या ओळखीतली अशी कोणी बाई होती का, बिचारीला आपण विसरलो की काय. त्यात पाहुण्याची थट्टा नाही. त्याला अवघडू नये म्हणून ते स्वतः अवघडून बसतात. आणि 'खरंच?' म्हणतात तेव्हा पन्नाशीतल्या त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सांगितलंय की तुझ्यावर कोणाचा जीव होता, असं वाटतं. मी दुकानात बसून हसले आणि मला हुंदका आला. समोर बीपीची गोळी घ्यायला आलेल्या बाईनं विचारलं, "काय झालं, ताई?" मी तिला गोळ्यांची पट्टी काढून दिली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी जे लिहायला हवं होतं ते मला आता दिसत होतं, आणि त्यानंतर मला जागेवर बसवेना.

गेल्या मंगळवारी दुकान नवऱ्यावर टाकून मी निघाले. रिसोड, वाशीम, कारंजा, तीन गाड्या बदलून कामरगावात उतरले. काका आता ऐंशीच्या पुढे असतील. मळा मुलगा बघतो, काका पडवीत बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. डोळ्यांना दिसत नाही फारसं. मी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, तेव्हा म्हणाले, "डेपोतल्याची पोरगी. हाव. बस." सुनेनं चहा आणला. मी व्हिडिओ लावला तर म्हणाले, "मले दिसत नाही माय, कानापाशी धर." मी धरला. तुमचा हंबरडा ऐकून त्यांचा हात मेथीवर थांबला. ते ऐकत राहिले. तुमच्या प्रत्येक वाक्यानंतर त्यांचं बोट गुडघ्यावर हळूहळू आपटत होतं, आणि ते थांबलं की बरोबर त्याच क्षणी मोबाइलमधले काका बोलायचे. एकदाही चुकलं नाही. 'खरंच' त्यांनी मोबाइलच्या बरोबरच म्हटलं.

"मास्तर लय भारी मानूस होता," संपल्यावर ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, त्या पेपरात तुमच्याबद्दल आलं होतं ना, कोणीही बसलं असतं तरी चाललं असतं म्हणून. ते मी लिहिलं होतं."

त्यांनी सुतळीची गाठ मारली. "ते तं मास्तरनं लिहून घेतलं होतं."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाले कायले पाह्यजे? इतकं गुनगान त्याचंच. म्या म्हनलं, याले एकट्यालेच पुढं जायाचं असंन तं जाऊ द्या. आपुन कायले मधात बसाव." मग त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "तुले त्यानं सांगतलं होतं का लिह्याले?"

"नाही काका. मी माझ्या मनानं लिहिलं. मी बारावीत होते."

त्यांनी सुतळी बोटाला गुंडाळली, परत सोडली. आत सून भांडी घासत होती, तो आवाज तेवढा येत होता. मला प्रयोगशाळेतलं ते स्टूल आठवलं. इतक्या वर्षांत मी कधी विचारच केला नव्हता की काका तुमच्यावर रुसले असतील. मला वाटायचं, त्यांना माझी दोन वाक्यं लागली. तुम्हाला मात्र ते ठाऊक असणार. तुमचं नाव खराब होतंय हे ठाऊक असून तुम्ही अकरा वर्षं एका शब्दानं सांगितलं नाही, कारण मला तसा शब्द दिला होता आणि मी आज ना उद्या जाईन असं धरून चालला होता.

"त्याले माहीत होतं का, तू लिहिलं म्हनून?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी मान हलवली. "मंग तो बी इचार करत राह्यला असंन जलमभर, का कोनं लिहिलं आन् हा मानूस काहून बोलत नाही." त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली, परत उचलली. "म्या एक डाव विचाराले पाह्यजे होतं. दोन घरं सोडून राहे तो. एक डाव बी नाही विचारलं." मग मला म्हणाले, "तू लहान होती. तुह्याकडं काय दोस. तू नको मनाले लावून घेऊ." निघताना त्यांनी माझ्या पिशवीत चार जुड्या कोंबल्या आणि बस मिळेपर्यंत सुनेला माझ्यासोबत स्टँडवर पाठवलं.

तेव्हापासून मी अशी आहे. वाशीमच्या गाडीत बसले तेव्हा वाटलं, बरं केलं. तुम्ही सगळं माहीत असून गप्प राहिलात, एका विद्यार्थिनीसाठी आपल्या जोडीदाराला अंतर दिलंत, हे या वयात त्यांना कशाला कळावं. घरी पोचेपर्यंत ते उलटं झालं. आता ते पडवीत बसून असं समजतात की काहीच न कळणाऱ्या माणसाला आपण उगाच तोडलं. माझी चूक मी कबूल केली आणि तिच्यापेक्षा मोठी त्यांच्या पदरात टाकून आले. परवा मी फोन केला, सुनेनं उचलला, म्हणाली, "बाबा दोन दिवसांपासून सरांच्याच गोष्टी सांगून राह्यले. त्यायले देऊ का?" मी म्हटलं, नको, सहज केला होता.

हे तुमच्याशिवाय कोणाला सांगण्यासारखं नाही आणि तुम्हाला पाठवता येत नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, इतक्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसली. एवढंच लिहून उठते. काकांना मी 'नाही' म्हटलं ते तुम्हाला वाचवायला असं मी चार दिवस स्वतःला सांगत होते. तसं नव्हतं, सर. 'हो' म्हटलं असतं तर त्यांनी पुढचं विचारलं असतं, मग त्यानं तुला माझ्याकडं पाठवलं कसं नाही, आणि मला सांगावं लागलं असतं की पाठवलं होतं.